दीदी, पानी आ गया

सत्कारमूर्ती हा शब्द ज्यानं काढला त्याला माझा नमस्कार. मूर्ती बसवली की बसली, तिनं हलायचं नाही. शिरूरच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी मला तसंच बसवलं होतं. डाव्या अंगाला दोन शिक्षक, उजव्या अंगाला रिटायर झालेले ग्रामसेवक, मधे मी. फेटेवाल्यानं पदरावरूनच फेटा बांधला, तोही असा करकचून की भुवया वर ओढल्या गेल्या. पुढं टीपॉय, मागं आमच्या फोटोंचा बॅनर. उतरायला एकच जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी आप्पा.

आप्पा म्हणजे कार्यक्रम घेणारे. माणूस वाईट नाही, पण माइक हातात आला की घरदार विसरतो. "भाभी, फेटा बांधला की उठायचं न्हाई हां. पाहुणे शिक्रापूरच्या चौकात आडाकल्यात. धा मिन्टात येत्यात."

ती धा मिनिटं दोन तास चालली.

मी कारेगावची आशा सेविका. गरोदर बायांची नोंद करायची, तपासणीला न्यायचं, दिवस भरले की दवाखान्यात पोचवायचं, हे माझं काम. माझ्या वाट्याला कंपनी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आल्यात, सगळी परमुलखातली माणसं. बाकीच्या आशांना हिंदी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. माझं मुसलमानाचं घर, घरात दखनी, त्यामुळं हिंदीत आपला हात कोण धरतोय असा माझा तोरा. तोच तोरा मला नडला.

त्या खोल्यांपैकी एकीत बिहारची एक पोर होती. पहिलटकरीण, नववा लागलेला. सोनोग्राफीत बाळ पायाळू निघालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी गेलं की एक मिनिट थांबायचं नाही, थेट दवाखान्यात. मी तिला तिच्या खोलीत बसवून दहादा शिकवलं होतं. बैग भर के रखना. पानी जाए तो पहले मुझे फोन करना, नवऱ्याला नंतर. नवऱ्याचा फोन शिफ्टभर कंपनीच्या लॉकरमध्ये असतो. ती मान हलवायची. "आप आओगी ना दीदी?" "आऊँगी रे बाबा, और कौन आएगा!"

स्टेजवर बसून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. तिचाच. मी पदराआड वाकले. माइकवर आप्पा सत्कारमूर्तींची नावं घोकत होते, एक शब्द धड ऐकू येईना.

"दीदी, पानी आ गया."

त्या खोल्यांना नळाचं पाणी मिळावं म्हणून मी ग्रामपंचायतीत सहा महिने भांडले होते. आता एक दिवसाआड यायचं. आलं की सगळ्या बाया मला हौसेनं फोन करून सांगायच्या.

"हां हां, अच्छा है. भर लो," मी म्हणाले आणि फोन ठेवला. वर शेजारच्या ग्रामसेवकांना कौतुकानं सांगितलंसुद्धा, बघा, नळाला पाणी आलं तरी मला कळवत्यात.

पाहुणे आले तेव्हा एक वाजून गेला होता. हारतुरे झाले, दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं समई दोनदा विझली. मग एक बाई माझं मानपत्र वाचायला लागल्या. "ज्यांच्या अथक प्रयत्नांमुळे कामगारांच्या खोल्यांना एक दिवसाआड पाणी..."

एक दिवसाआड. आणि काल तर आलं होतं! काल मी स्वतः त्या नळावर हात धुतले होते.

आपल्याकडं बाईचं पाणी जातं. येतं ते नळाला. आणि तिच्याकडं काय म्हणतात हे मी, हिंदीची पंडितीण, कधी विचारलंच नव्हतं.

मी तिथंच, पाहुण्यांसमोर, फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिनं.

"दीदी, बैग कब का भर लिया. दरवाज़े पे बैठी हूँ. बगलवाली बोली रिक्शा में चल, मैंने मना किया. मैंने बोला, दीदी आ रही है."

भर लो. मी नळाचं म्हणाले होते, तिनं बॅगेचं ऐकलं होतं. दीड तासाच्या वर ती पोर ओल्या साडीत, मी येणार म्हणून, उंबऱ्यावर बसली होती.

"अगं बये, निघ! आत्ताच्या आत्ता!" मी मराठीतच ओरडले. तिच्या शेजारणीला फोनवर घेऊन रिक्षा काढायला लावली आणि उठले. आप्पांनी दंड धरला. "अवो भाभी, पावणं शाल घिऊन हुबं हायेत!"

"मग तुम्ही पांघरा!" म्हणाले, आणि टीपॉय ढकलून उतरले.

एका ओळखीच्या मास्तरांच्या मोटारसायकलवर डोक्यावर फेटा तसाच घेऊन गेले. नगर रोडवर ट्रकांची रांग लागलेली. क्लीनर लोक हसून हात करत होते, लग्नाला चाललेली वरमाय समजले असावेत. मी पाठीमागं बसून अल्लाची आणि रांजणगावच्या गणपतीची एकदमच विनवणी करत होते. लाज कसली त्यात!

दवाखान्यात पोचले तेव्हा बाळाचे पाय बाहेर आले होते. सिझरची वेळ निघून गेली होती. मुलगी झाली. रडली, थोडी उशिरा. पण डावा हात उचलेना. काढताना खांद्याची नस ताणली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तासभर आधी आणायला पाहिजे होती हिला." फेटा माझ्या मांडीवर होता. मी कुठं तोंड लपवू असं झालं.

आणि मग सुरू झालं कौतुक. पेपरात फोटो आला, सत्कार सोडून धावली म्हणून. आप्पा तर गावोगावच्या स्टेजवर हीच गोष्ट सांगायला लागले. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, आप्पा, चूक माझी झाली, माझ्यामुळं त्या बाळाचा हात गेला. आप्पांनी तिथं बसलेल्या चार माणसांकडं वळून सांगितलं, "बगा, मोठेपना कसा आस्तो!" भिंतीवर डोकं आपटलं असतं तर त्याचाही सत्कार केला असता त्यांनी.

दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन गावाला निघाली. गाडी दौंडवरून होती. मी येष्टीनं दौंडला गेले. ठरवूनच गेले होते की आज सांगायचं. फलाटावर तिच्या नवऱ्यानं पिशवीतून नवीन गमछा काढला, माझ्या खांद्यावर घातला आणि हातात नारळ दिला. पेपर बघून शिकला होता बिचारा.

माझा बांध फुटला. "मत करो रे! उस दिन मैं समझी नहीं. मुझे लगा नल का पानी. मेरी गलती है," असं काहीबाही बोलत मी रडायला लागले.

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मालूम है दीदी. फोन में माइक बज रहा था, आपका नाम ले रहे थे. दुबारा लगाने को हुई, फिर सोचा, आज दीदी का दिन है, थोड़ा रुक जाती हूँ."

गाडी आली. नवऱ्यानं सामान चढवलं, तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा मला टाटा करायला तिनं बाळाचा डावा हात आपल्या हातानं उचलला.