आईचा काविळीचा पाला

आई काविळीचं औषध द्यायची. खडवलीच्या माहेराहून आणलेली विद्या. वर्तकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत लोक सकाळी उपाशीपोटी यायचे. आई सगळ्यांकडे पाठ फिरवून पाला वाटायची आणि ताकातून द्यायची. पैसे घ्यायची नाही. अट एकच, पाल्याचं नाव विचारायचं नाही. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो. मला या प्रकाराचं हसू यायचं.

मग गेल्या वर्षी माझेच डोळे पिवळे झाले. मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये स्क्रीन प्रिंटिंग करायचो. दिवसभर थिनरने छपाईच्या जाळ्या पुसायच्या, त्याच वासात डबा खायचा. आरशात ते डोळे दिसले आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं. आईने दिलेला पेला रोज मुकाट्याने संपवू लागलो. पिवळेपणा मात्र वाढतच गेला. अंगाला खाज, अन्नाचा वास नको. मुलगी दुसरीत होती. तिच्याकडे बघायचं मी टाळायचो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. आई सोबत होती. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"थिनरचं काम आजपासून बंद. बाहेरचं काही औषध घेताय?"

मी आईकडे बघितलं.

"काय देताय, मावशी? पाला चांगलाही असेल. पण पोटात गेलेलं शेवटी यकृतालाच निस्तरावं लागतं, आणि याचं यकृत आत्ता पार दमलंय. मला नाव कळलंच पाहिजे."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"अगं आई, बोल ना! इथे माझा जीव चाललाय आणि तुला नियम सुचतायत?"

"नाव घेतलं तर तुझ्या पोटातल्या औषधाचंबी पाणी होईल रे," ती कशीबशी म्हणाली. "मग तुला कोण वाचवेल?"

मी तिला हट्टी समजत होतो. ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

पदर सोडून ती म्हणाली, "भुईआवळी. कुटकी." मग आणखी हळू, "आणि गुळवेल."

"गुळवेल कुठून आणलीत?"

"गुडघ्यांमुळे लांब जाववत नाही. कॉलनीच्या कुंपणावरची घेतली."

"गुळवेलच होती ना ती? तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीने यकृत बिघडतं."

"पानं तशीच होती," आई म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं थांबवलं. हळूहळू रिपोर्ट सुधारले. थिनर सुटल्यामुळे की पाला थांबल्यामुळे, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. दाराशी आलेल्यांना आई आता दवाखान्यात पाठवते.

पण रोज सकाळी ती मला खिडकीपाशी नेते आणि माझी पापणी खाली ओढून बघते.

"अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे."

"असू दे. मी नाव घेतलंय."

ती "हं" म्हणेपर्यंत मीही श्वास रोखून उभा असतो.