मधलं तुमचं

“हात करा, बाई.”

असं म्हणून मावशी पदराची गाठ सोडायला लागल्या की समजायचं, आता तळहातावर बिया पडणार. बाकीच्या बायकांच्या पदराला सुटे पैसे असतात, फार तर मिसरीची पुडी. यांच्या पदराला बी. कधी दोडक्याचं, कधी अंबाडीचं, कधी नुसते मूठभर धने. बी खाली ठेवून दिलेलं त्यांना चालायचं नाही. समोरच्याने हात पुढे करायचा आणि त्यांनी त्यात सोडायचं, एवढा बियांचा मान. माणसांना त्या एवढा मान द्यायच्या असं मी शपथेवर सांगणार नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण “या, बसा” म्हणतो आणि त्यांची नजर आपल्याला ओलांडून कुंडीकडे जाते. एकदा मी चार दिवस तापाने फणफणत होते, तेव्हा मावशी बघायला आल्या. दारातूनच हळहळल्या, “अगं बया, काय ही दशा झाली!” मला जरा बरं वाटलं. डोळे उघडून पाहिलं तर त्या माझ्या मिरचीच्या रोपाशी बसल्या होत्या. मी रागावले तर म्हणाल्या, “तुमी दुखतंय म्हणून सांगाल तरी. ह्यानं कुणाला सांगावं?”

तेलगावहून धारूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली होती. मी लातूर शहरात वाढलेली. भाड्याची खोली मिळाली ती मावशींच्या घराला लागून. त्यांचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण मागची जागा बघावी. फुटका टब, सिमेंटची रिकामी पोती, तळ गेलेलं घमेलं, मोटारसायकलचा जुना टायर, जे हाताला लागेल त्यात माती भरून काहीतरी लावलेलं. घमेल्यात मेथी, पोत्यात वांगी, पत्र्यावर भोपळा. आणि मधोमध कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव, त्यावर वाल.

पाण्याची ओढ लागली की मावशी नातवंडांना न्हाणीत अंघोळ करू देत नसत. वांग्याच्या वाफ्यात दगड ठेवून त्यावर बसवायच्या. दुसऱ्या दिवशी तो दगड मिरच्यांमध्ये. “आज कुणाची अंघोळ?” असं मी माझ्या ओट्यावरून विचारलं की गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, “आज दोडक्याची. पोरगं आपलं मधी बसतंय.” एकदा नातवाने जास्त साबण लावला म्हणून त्याला धपाटा बसला होता.

पण हे सगळं अर्ध्या वर्षाचं. दसरा उलटला की गावात ट्रक येऊन उभे राहायचे आणि मावशी, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, सगळी कारखान्यावर ऊस तोडायला जायची. लग्न झाल्यापासून मावशींची एकही खेप चुकली नव्हती. नवरा होता तोवर त्याच्या जोडीने कोयता धरला, तो गेल्यावर मुलाबरोबर जाऊ लागल्या. परत यायच्या त्या चैत्रात.

आता वालाचं कसं असतं बघा. आषाढात लावला की दसऱ्यापर्यंत मांडवभर पसरतो आणि जांभळा फुलोरा धरतो. शेंगा लागतात त्या थंडीत. चैत्रापर्यंत वेल वाळून गेलेला असतो. म्हणजे ज्या बाईने जन्मभर वाल लावला, तिने स्वतःच्या दारची ओली शेंग कधी खाल्लीच नव्हती. धारूरच्या डोंगरात त्यांचं माहेर. तिथे लहानपणी आईच्या हातची खाल्लेली, तेवढीच चव त्यांना ठाऊक. बीही त्याच वेलाचं होतं; लग्नात सासरी निघताना आईने ओटीत घातलेलं.

जाताना मावशी मांडव माझ्या ताब्यात द्यायच्या. “फूल बघून जाते, बी बघाया येते. मधलं तुमचं,” असं हसून म्हणायच्या. पहिल्या वर्षी मीही हसले. मी आपली शेंगा खात राहिले. जांभळ्या काठाच्या, कोवळ्या, नुसत्या मीठ-मिरचीवर परतल्या तरी गोड लागणाऱ्या. दोन-तीन वर्षांनी केव्हातरी घास हातात असताना त्या वाक्याचा अर्थ उमगला आणि मग त्या शेंगा खाताना मला नेहमीच थोडी लाज वाटायची. खात होते, हे मात्र खरं.

मावशींचे नियम दोनच. निघायच्या आदल्या दिवशी त्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून वालाच्या बुंध्याजवळच्या तीन फांद्यांना बांधायच्या. “ह्या बेण्याच्या. हितली शेंग तोडायची न्हाई बाई, येलावरच वाळू द्यायची.” चैत्रात येऊन त्या शेंगा स्वतः फोडायच्या आणि पुढच्या वर्षाचं बी धरायच्या. दुसरा नियम, घेतलेलं बी पिकलं की मूठभर परत करायचं. एका वर्षी मी दोडक्याचं बी परत द्यायला विसरले, तर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. “बी बुडवलं की येल रुसतो,” एवढंच सुनेकडून कळवलं.

लावून उरलेलं वालाचं बी पदराला बांधून त्या कारखान्यावर न्यायच्या. तिथे राहायला कोपी, म्हणजे बांबू आणि उसाच्या पाचटाची झोपडी. त्या कोपीपुढे धुण्याचं पाणी जिथे वाहायचं तिथे मावशींची मेथी-कोथिंबीर. दोन पानं फुटली की टोळी उसाच्या दुसऱ्या फडावर हलायची, मेथी तिथेच.

“मग लावता कशाला?” मी विचारलं होतं.

“रिकामी जमीन बघवत न्हाई वो. खाईल की कुणीतरी.”

वालाचं बी मात्र पेरायच्या नाहीत, वाटून टाकायच्या. वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेल्या बायकांना. नाव-गाव विचारायची पद्धत नाही. कुणी ‘मिरचीवाली’, कुणी ‘पलीकडच्या कोपीतली’, कुणी ‘पाटोद्याकडची लेकुरवाळी’. अशा एवढ्याच ओळखी.

ते वर्ष मला अजून आठवायला नको वाटतं. वालावर मावा पडला. मी राख मारली, गोमूत्र शिंपडलं, पण पहिला बहर हातचा गेला. माघात कशाबशा शेंगा लागल्या त्या नेमक्या चिंधीच्या तीन फांद्यांना. मी रोज सकाळी जाऊन बघायचे. तेवढ्यात बीडला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. लातूरहून माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांच्यावर घर सोपवून गेले.

परत आले ती भुकेने कासावीस होऊन. सासूबाईंनी गरम भाकरी वाढली, बरोबर वालाच्या शेंगांची भाजी. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी घेताना विचारलं, “शेंगा कुठल्या आणल्या?”

“मागच्या मांडवावरच्या. लुसलुशीत होत्या अगदी. कुणीतरी दृष्टीच्या चिंध्या बांधल्या होत्या त्यांना. म्हटलं, आता तोडायच्याच तर दृष्ट कसली लागायची? सोडून ठेवल्या.”

ओट्यावर तीन लाल चिंध्या नीट घडी करून ठेवलेल्या होत्या.

सासूबाईंची काय चूक? मीच सांगून गेले नव्हते. इतकी वर्षं जे पाळलं त्याची एवढी सवय झाली होती की दुसऱ्याला ते सांगावं लागतं हेच मी विसरले. पुढे महिनाभर मी त्या वेलाला पाणी घालत राहिले, पण त्याला एकही शेंग आली नाही.

चैत्रात ट्रक आला. मावशी डोक्यावरचं बोचकं न उतरवता थेट मागे गेल्या. मी पाठोपाठ गेले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी वाळलेल्या फांद्या एकेक करून हाताने चाचपल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“खाल्ल्या न्हवं?”

“हो.”

“गोड होत्या?”

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. “होत्या,” मी म्हणाले, आणि तिथेच रडायला लागले. मावशींनी बोचकं खाली ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं.

“पदराला काही बी उरलंय का?” मी विचारलं.

“न्हाई. समदं वाटून आले.”

मग आम्ही शोध सुरू केला. धारूरला त्यांच्या भावाकडे मी स्वतः जाऊन आले. तो आता दुकानातून पाकिटं आणायचा, आईचा वाल त्याच्या ध्यानातही नव्हता. टोळीतल्या बायकांना विचारलं, टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडून निरोप धाडले. पण निरोप तरी कुणाला द्यायचा? मिरचीवालीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी आषाढात तेलगावच्या बाजारातून मी एक पाकीट आणलं. मावशींनी हात पुढे केला, मी बी सोडलं. ते त्यांनी लावलं, आणि गुमान लावलं.

त्याच दसऱ्याला त्यांच्या गुडघ्यांनी जवाब दिला. मुलगा म्हणाला, “आई, औंदा तू ऱ्हा घरी.” ट्रक गेला आणि मावशी ओट्यावर बसून राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच थंडीत त्या आपल्या घरी होत्या. इतकी वर्षं हवा होता तो हिवाळा आता मिळाला होता आणि मांडवावर दुसराच वेल होता. तो माझ्यामुळे. याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही.

मार्गशीर्षात शेंगा आल्या. लांब, सरळ, हिरव्यागार, काठ जांभळा नाही. मावशींनी स्वतः तोडल्या, स्वतः भाजी केली आणि मला जेवायला बोलावलं. एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिल्या.

“शेंग हाय,” त्या म्हणाल्या. “चव न्हाई.”

मी मान खाली घातली. तर माझ्याच ताटात आणखी एक पळी वाढून म्हणाल्या, “खावा, बाई. ह्या येलाचा काय गुन्हा हाय?”

येल म्हणाल्या, पण ते कुणाबद्दल आहे हे मला कळलं.

पौषात त्या गेल्या. दोन दिवस छातीत दुखतं म्हणत होत्या, अंबाजोगाईला नेलं, तिथून परत आल्या नाहीत. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. बायकांनी पदराची गाठ सोडली तर आत थोडे धने होते. ते कुणी घ्यायचे हे कुणाला कळेना, म्हणून मी हात पुढे केला.

चैत्रात, टोळ्या परतल्यानंतर, एक बाई कडेवर पोर घेऊन माझ्या दारात आली. “वालवाल्या मावशीचं घर हेच का वो?”

मी सांगितलं, त्या नाहीत. ती पोराला घेऊन ओट्यावर बसली. पाटोद्याकडची होती. मावशींनी वर्षापूर्वी कारखान्यावर तिला बी दिलं होतं. तिने घरी नेऊन लावलं. ती हिवाळ्यात ऊस तोडायला गेली, मागे तिच्या सासूने बी धरलं.

“परत द्यायचं म्हनल्या होत्या, मूठभर. निरोप बी आला न्हाई, पत्ता बी न्हाई. इचारत इचारत आले.” तिने पदराची गाठ सोडली. “मग आता तुमीच हात करा.”

तिच्या सासूने बियांबरोबर एक वाळकी शेंग ठेवली होती. वाळली तरी काठाचा जांभळा रंग ओळखू येत होता. ती गेल्यावर मी मांडवाखाली बसून मोठ्याने रडले. तीन महिने, फक्त तीन महिने उशीर झाला होता.

आषाढात मी ते बी मावशींच्या परसात लावलं. दसऱ्याला मुलगा-सून निघाली तेव्हा मांडव फुलला होता, पण ट्रक उभा होता, त्यांना बघायला सवड कुठली. घराची किल्ली देऊन गेली. मी माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या फाडून तीन फांद्यांना बांधल्या आणि खोलीवर येईल-जाईल त्याला आधी ते सांगू लागले. लोक मला आता थोडी वेडी समजतात.

थंडी पडली. शेंगा लागल्या. पहिला तोडा मला खाववेना. त्याच आठवड्यात मुकादम कारखान्यावर निघाला होता, त्याच्याजवळ पिशवी भरून दिली आणि मावशींच्या मुलाला पोचव म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. मागे कोयत्यांचा, माणसांचा आवाज होता. लहानपणापासून दर थंडीत तोही आईबरोबर फडावरच होता, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“बाई, शेंगा पोचल्या. पोरांनी चाटून पुसून खाल्ल्या. असल्या गोड शेंगा कवा खाल्ल्या न्हाईत बगा. कुणाच्या येलाच्या हायत?”



“तुमच्याच दारातल्या,” मी म्हणाले.