तक्रारदार समाधानी

माझ्या नाकावर राग आहे, हे आर्णीत कुणालाही विचारा. बाप म्हणायचा, ही पोरगी भांडणाचं कारण शोधत नाही, कारणच हिला शोधत येतं. कॉलेजात शिकवायला लागले तरी तो राग गेला नाही. परीक्षेत एकदा संस्थाचालकाच्या भाच्याला कॉपीसकट वर्गाबाहेर ओढून काढला होता, आणि त्याचं कौतुक मी स्वतःच वर्षभर सांगत फिरले. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझ्यासमोर एका माणसाला मारलं आणि मी खुर्चीवरून उठले नाही.

पीएच.डी.ला माझा विषय होता ऑनलाइन तक्रार निवारण. खेड्यातल्या माणसानं संगणकावरून सरकारकडं तक्रार टाकली तर ती कुठं कुठं फिरते, किती दिवसांत निकाली निघते आणि तक्रार करणारा शेवटी समाधानी असतो की नाही, एवढं मोजायचं. मुकुटबनच्या बाजूचं एक गाव निवडलं आणि तिथल्या सेवा केंद्रात हिवाळाभर खुर्ची टाकून बसले.

केंद्र म्हणजे काय, तर एक शटर, एक संगणक, प्रिंटर, लॅमिनेशनची मशीन आणि भिंतीला टेकलेला बाक. चालवणारा पस्तिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याची एक रीत होती. गावातल्या अर्ध्या लोकांकडं फोन नव्हता, ज्यांच्याकडं होता त्यांचा रिचार्ज संपलेला, नाहीतर सिम बदललेलं. आणि नंबराशिवाय तर अर्ज पुढं सरकतच नाही. मग हा सगळ्यांच्या अर्जावर आपलाच नंबर टाकायचा. सातबारा असो, जातीचा दाखला असो की तक्रार असो, अर्ध्या गावाचे ओटीपी याच्या एका फोनवर यायचे. मी विचारलं, "असं चालतं का हो?"

"चालून राह्यलं न मॅडम," तो म्हणाला. "लोकाईचा भरवसा आहे माह्यावर."

मला तर आनंदच झाला. प्रबंधाला एक आयतं प्रकरण मिळालं. त्या रीतीला मी एक जडसं नावही शोधून ठेवलं. तो भरवसा एका फोनात कोंबलेला आहे आणि फोन कुणीही हिसकावू शकतो, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नाही.

गावाच्या सरपंच एक बाई होत्या. मी त्यांना एकदाच पाहिलं, घराच्या दारात, डोक्यावर पदर घेऊन. कारभार नवऱ्याचा. आमच्याकडं अशा माणसाला सरपंचपती म्हणतात आणि म्हणताना कुणाला हसू येत नाही. बाईंच्या डिजिटल सहीची, संगणकाला लावायची ती छोटी चावी याच्या मोटरसायकलच्या किल्ल्यांत अडकवलेली असायची.

दिवाळीनंतर पोडावरची एक बाई केंद्रात आली. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. गावापासून अर्ध्या तासाची पायवाट. ती वाट सरपंचपतीच्या शेताला लागून जाते. शेताला तारेचं कुंपण. डुकरं उभं पीक लोळवतात, म्हणून लोक बॅटरीवरची झटका मशीन बसवतात. तिनं जनावर दचकतं, मरत नाही. यानं तसं केलं नव्हतं. खांबावरच्या लाइनवर आकडा टाकून सरळ करंट तारेत सोडला होता. बाईचा बैल त्या तारेला लागून जागीच मेला होता.

"बैल गेला तं गेला," ती म्हणाली. "आता माणूस जाईन. साहेबानं येऊन ते तार पाहावं, येवढंच म्हनणं आहे माह्यं. नाइकाले इचारून आली मी." पोडाच्या नाइकाला विचारल्याशिवाय तिथं कुणी सरकारदारी जात नाही. नाईक म्हणे एवढंच बोलला, जाय.

केंद्रवाल्यानं तक्रार टाइप केली, मी ती तिला वाचून दाखवली. अंगठा द्यायच्या आधी तिनं मला तीनदा विचारलं, "माह्यं नाव त्याले दिसन काय?" हात लुगड्यात गुंडाळून धरले होते तिनं. मी मोठ्या तज्ज्ञासारखं सांगितलं, "नाही ताई. नाव गुप्त राहतं."

पोर्टलच्या माहितीपत्रकात तसंच लिहिलं होतं. प्रत्यक्षात तक्रार जिल्ह्याला गेली, जिल्ह्यानं तालुक्याला ढकलली, तालुक्यानं अहवालासाठी ग्रामपंचायतीला पाठवली आणि सरपंचपतीनं बायकोची चावी लावून ती उघडली. पहिल्याच ओळीत बाईचं नाव. चोराच्याच हातात तिजोरीची किल्ली, दुसरं काय. त्यानं उत्तर टाकलं: प्रत्यक्ष पाहणी केली, कुंपणात विद्युत प्रवाह आढळला नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. असं उत्तर आलं की तक्रारदाराच्या फोनवर सहा आकडे येतात. समाधानी असाल तर आकडे भरा, तक्रार बंद. नसाल तर थांबा, आठवड्यानं वरचा अधिकारी स्वतः पाहायला येतो. बाईला तो अधिकारी हवा होता, सरपंचपतीला नको होता, आणि बाईचा फोन म्हणजे केंद्रवाल्याचा फोन.

भर दुपारी तिघं आले. सरपंचपती आणि त्याच्या शेतातली दोन माणसं. शटर अर्धं खाली ओढलं. त्या वेळी केंद्रवाल्याचा फोन नेमका माझ्या हातात होता, उघडा. कोणता संदेश किती वाजता आला, ते मी वहीत उतरवत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एकानं केंद्रवाल्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. दुसऱ्यानं ड्रिपच्या काळ्या पाइपाचा तुकडा आणला होता. त्या पाइपाचा आवाज कानात शिरतो. पाठीवर, मांडीवर, मग हातांवर. तो खाली पडला तेव्हा लाथा सुरू झाल्या.

"फोन कुठं हाये बे?"

तो सांगेना. पुढचा दात तुटून ओठात रुतला होता. मग त्यांनी त्याला उठवलं आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं लॅमिनेशनच्या मशीनच्या तोंडाशी नेली. सकाळपासून आधार कार्डं निघत होती, मशीन तापलेली होती. बोटांची टोकं आत गेली. तो ओरडला तसा माणूस ओरडताना मी आधी कधी ऐकला नव्हता, आणि ओरडता ओरडता त्याची नजर माझ्या हाताकडं गेली. ती नजर सरपंचपतीनं पकडली.

तो माझ्याजवळ येऊन अगदी आदरानं बोलला. "ताई, तुमी शिकल्यासवरल्या. आमी तुमाले हात बी नाई लावणार. पण हा मरते. पाहा बापा, तुमच्याच हातात आहे."

"नका देऊ जी," केंद्रवाला खालून म्हणाला.

मी संदेश उघडला. समाधानीवर अंगठा ठेवला. सहा आकडे भरले. हिरवी टिक आली आणि तक्रार बंद झाली. सरपंचपतीनं शटर वर केलं, बाहेर उन्हात उभं राहून मोटरसायकल सुरू केली आणि तिघं निघून गेले.

मी पाणी दिलं. त्यानं गुळणी करून लाल पाणी प्लास्टिकच्या ग्लासात टाकलं. "काहून दाबलं जी?" तो म्हणाला.

"मारून टाकलं असतं तुला."

"मले न," तो म्हणाला. "तुमाले तं नाई."

पोलिसांत जायला तो तयार झाला नाही. दुसऱ्या दिवशी शटरला कुलूप लावून महागावला सासुरवाडीला निघून गेला. मार पडला त्याच संध्याकाळी मी खोलीवर लॅपटॉप उघडून बाईच्या तक्रारीसमोर लिहिलं: निकाली, समाधानी. आकडा एक. गाइड सरांना फोन केला तर ते म्हणाले, हे आपल्या अभ्यासाच्या चौकटीत बसत नाही, वाटलं तर ती नोंद वगळा.

यापेक्षाही वाईट मी दुसऱ्या दिवशी वागले. फॉर्म भरायचे राहिले होते म्हणून पोडावर गेले. बाई अंगणात भांडी घासत होती. मला पाहून उठली, हात पुसले. "मॅडम, साहेब कवा येतीन तार पाहाले?"

सांगून टाकायला दोन वाक्यं पुरली असती. ताई, तुझी तक्रार बंद झाली. ती मी बंद केली. पण मी म्हणाले, "चालू आहे तिकडं. येतील."

तिला बरं वाटलं. शेजारणीला ओरडून सांगितलं तिनं, साहेब येऊन राह्यले म्हणून, आता तो काही तारेत करंट ठेवत नाही, एवढा भेतेच तो सायबाले. मी ते ऐकलं आणि फॉर्म भरला. चहासुद्धा घेतला तिच्या हातचा. लाज वाटते हे लिहिताना, पण घेतला.

आमच्याकडं शेतीची लाइन पाळीनं येते. काही दिवस रात्रीची, काही दिवस दिवसाची. रात्रीची पाळी असली की सकाळी तार मेलेली असते, लोक बिनधास्त जातात. पुढच्या सोमवारी पाळी बदलून दिवसाची झाली. सरपंचपतीनं आकडा काढला नाही. कायले काढेल, कोणता साहेब येणार होता? दहाच्या सुमारास लाइन आली. बाई कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वाटेनं चालली होती, नवरा मागून. गाठोडं कलंडलं आणि तिनं तोल सावरायला तार धरली.

नवऱ्यानं मला पुढं जे सांगितलं तेच लिहिते. हात सुटत नव्हता. त्यानं बाभळीचा वाळला फोक घेऊन तिच्या मनगटावर मारला, पुन्हा मारला, पुन्हा मारला. तिसऱ्या-चौथ्या फटक्यात हाड मोडलं तेव्हा ती तारेपासून सुटली, पण जीव गेलेला होता. तळहाताची कातडी तारेवरच राहिली. कापूस जळून राह्यला होता, तो म्हणाला, मले वाटलं वास कापसाचाच आहे.

आठवड्यानं तो यवतमाळला माझ्या कॉलेजात आला. हातात चौकोनी घडी केलेला एक कागद. पोर्टलवरची छापील प्रत होती ती, ठाण्यात सरपंचपतीच्या माणसांनी पुढं केलेली. तुझ्या बायकोनंच लिहून दिलं की करंट नाही, असं त्याला सांगितलं होतं.

"वाचून दाखवा," तो म्हणाला.

मी वाचलं. तक्रारदार समाधानी.

"तिनं मले सांगतलं नाई," तो म्हणाला. "कवा गेलती ते सेंटरवर? तुमी तं तिथंच बसत होत्या. काय म्हनून समाधानी झाली ते? कोनी काही देल्लं काय तिले?"

कागद हाती आल्यापासून चार दिवस तो हेच घेऊन बसला होता. बायको गेली ते एक, आणि ती आपल्याला न सांगता फिरली हे दुसरं. मी स्टाफरूमच्या दारात उभी राहून त्याला सगळं सांगितलं. दुपार, शटर, पाइप, माझा अंगठा, आणि पोडावरचा चहा. तो मला मारेल असं वाटलं. खरं सांगते, मारावं असं वाटलं.

त्यानं कागदाची पुन्हा चौकोनी घडी घातली. मग म्हणाला, "म्हंजे ते नाई बदलली."

"नाही."

"मंग हे लिहून द्या."

त्याच दिवशी एसटीनं मुकुटबनला गेलो. ठाण्यातला जबाब लिहिणारा जमादार वयस्क होता, सावकाश लिहायचा. मी बोलत होते, तो लिहीत होता. बाकावर नवरा बसला होता, चपला बाकाखाली काढून. शेवटी जमादारानं पेन थांबवलं.

"मॅडम, तुमच्या अंगाला कोणी हात लावला होता काय?"

"नाही."

"शिवीगाळ? धमकी?"

"मला नाही."

"मग तुम्ही बटन काहून दाबलं? इथं कारण लिहा लागते."

त्या माणसाचा जीव वाचवायला, असं उत्तर मी गाडीत तयार करून आणलं होतं. जमादारानं ते लिहिलंही असतं. पण तिचा नवरा बाकावर बसलेला होता.

"भेली मी," मी म्हणाले.

जमादारानं तेवढेच शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडं फिरवला. मी सही करत असताना बाकावरून नवऱ्याचा आवाज आला, माझ्याकडं न पाहता, जमिनीकडं पाहून.

"तेबी भेत होती जी. तरी अंगठा देल्ला तिनं."