अजून बरंच बाहेर यायचं आहे

सात आठवड्यांपूर्वीच्या एका शनिवारी सकाळी मी टॅम्पिनीसच्या मार्केटात मासे घेत होते, तेव्हा मेधाचा फोन आला. मेधा माझी भावजय. "ताई, त्याला आता उलटी होत नाहीये," एवढंच ती म्हणाली. मला क्षणभर बरं वाटलं. महिनोन् महिने आम्ही ह्याच वाक्याची वाट पाहत होतो. मग पलीकडून पुढे काहीच येईना, आणि मला कळलं. मासेवालीने पापलेट साफ करून पिशवी पुढे केली. मी ती घेतली, थँक्यू म्हटलं आणि तशीच ती पिशवी घेऊन सेम्बावांगला त्यांच्याकडे निघाले. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लोक माझ्यापासून जरा सरकून बसले, तेव्हा लक्षात आलं की भावाच्या मृत्यूला मी मासे घेऊन चालले आहे.

श्रीरंग माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. घरात तो रंगा. मिरजेहून पुण्याला, पुण्याहून इथे पीएचडीला आला आणि इथलाच झाला. युनिव्हर्सिटीत पाण्यातल्या जिवाणूंवर काम करायचा. स्वभावाने इतका चिकित्सक, की मी सर्दीवर गवती चहाचा काढा दिला तरी विचारायचा, "ह्यावर पेपर आहे का गं?" देवाला हात जोडायचा तो अण्णांना बरं वाटावं म्हणून, आणि अण्णांनाही ते ठाऊक होतं. असा माणूस पुढे पेरू देशाच्या जंगलात जाऊन एका वेलीचा कडू काढा पिईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, साथीच्या काळात गेले. विमानं बंद होती. चुलतभावाने स्मशानात फोन धरला आणि आम्ही दोघांनी आपापल्या घरी, बेटाच्या दोन टोकांना बसून, पडद्यावर अग्नी पाहिला. मी रडले. रंगाने फोन बंद केला आणि लॅबच्या ऑनलाइन मीटिंगला बसला. तो रडलाच नाही. त्याची झोप गेली. बोलणं कमी झालं, मग कामापुरतं उरलं. मेधा म्हणायची, "ताई, घरात भाडेकरू ठेवल्यासारखं वाटतं." दोन-तीन वर्षं अशी गेली. समुपदेशकाकडे तो दोनदा गेला आणि फॉर्म भरून परत आला. मग कोणा सहकाऱ्याने त्याला अॅमेझॉनच्या त्या विधींबद्दल सांगितलं. त्याने त्यावरचे पेपर वाचले, भरपूर वाचले, आणि एके दिवशी रजा टाकून निघून गेला.

परत आला तो दुसराच माणूस. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने मला सगळं सांगितलं. आधी कित्येक दिवस मीठ, साखर, तेल बंद. गेल्या गेल्या गवती चहाचं कोमट पाणी पोट फुगेपर्यंत पाजतात आणि ओकायला लावतात. मग गवताने शाकारलेल्या गोल घरात, अंधारात सगळे गाद्यांवर बसतात, प्रत्येकाच्या पुढ्यात एक बादली. एक म्हातारी बाई तंबाखूचा धूर अंगावर सोडते, काढा देते आणि गायला लागते. तिची गाणी वेलीने शिकवलेली असतात, असं ते मानतात. मग उलट्या सुरू होतात. तिथे उलटीची कुणाला किळस नसते. जे ओकलं ते नुसतं पोटातलं नव्हे, मनात कुजलेलंही, असा त्यांचा विश्वास. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे वमन असतंच की. तो हसला. मग म्हणाला, "ताई, तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून धूर आला असं वाटलं मला. चितेचा. आणि मग मी इतका रडलो..." असं म्हणून तो, अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच, माझ्यासमोर रडला.

त्यानंतर तो मला दर रविवारी फोन करू लागला. मेधाबरोबर बाहेर फिरायला जाऊ लागला. सोळा वर्षांच्या ईराशी, त्याच्या मुलीशी, गप्पा मारू लागला. तिच्या शाळेतून तिला तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश होतं. त्या वर्गाला तो स्वतः सोडायला जायचा आणि संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून, कानात इअरफोन घालून, म्हातारीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग ऐकत राहायचा. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. तो फसवला गेला, भोळा होता, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या बाईने माझा भाऊ मला परत दिला होता, हे खरं आहे. म्हणूनच पुढे जे झालं ते आम्ही तिघींनी होऊ दिलं.

आल्यावर महिन्याभरातच त्याच्या उलट्या पुन्हा सुरू झाल्या. आधी आठवड्यातून एकदा, मग जेवल्यावर दर वेळी. वजन उतरू लागलं. मी डॉक्टरचं नाव काढलं की तो शांतपणे म्हणायचा, "ताई, औषध अजून काम करतंय." तिथे त्याला तसंच सांगितलं होतं म्हणे. शेवटच्या दिवशी म्हातारीने त्याच्या पोटावर हात ठेवला होता आणि काहीतरी बोलली होती. विधींचं ते केंद्र चालवणाऱ्या गोऱ्या माणसाने त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं होतं, "ती म्हणते, तुझ्या आत अजून बरंच आहे, ते बाहेर यायचं आहे." त्याच माणसाला रंगा इथून व्हिडिओ कॉल करायचा, आणि तो म्हणायचा, येतंय ते येऊ द्या, अडवू नका.

डॉक्टरकडे न जाण्याचं दुसरं कारण भीतीचं. त्या काढ्यातला घटक इथल्या कायद्याने अमली पदार्थ ठरतो, आणि इथल्या नागरिकाने तो परदेशात घेतला तरी गुन्हाच. डॉक्टरने विचारलं तर काय सांगायचं, कुठे नोंद झाली तर नोकरीचं काय, ह्या धास्तीने तो दवाखान्याची पायरी चढेना. आम्हीही गप्प राहिलो. ईराने मला एकदा तिच्या इथल्या इंग्रजीत विचारलं, "आत्या, बाबा सेज इट्स द प्लांट लाह. इज इट?" मी तिला म्हटलं, बाबांना बरं वाटतंय ना, मग झालं. पंचवीस वर्षं मी इथे ऑडिटचं काम करते. कागद नसताना कोणी काही सांगितलं तर मी मान्य करत नाही. इथे मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही. मला तो रविवारचा फोन हवा होता.

आठ महिने असे गेले. मग एका दुपारी तो एमआरटीच्या जिन्यावर कोसळला. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, उलट्या कधीपासून आहेत? रंगा म्हणाला, दोन आठवडे. मी खिडकीकडे पाहत राहिले. मेधा म्हणाली, "आठ महिने," आणि मग पेरूचंही सांगून टाकलं. रंगा तिच्याशी तीन दिवस बोलला नाही. डॉक्टरीण बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, वजन किती उतरलं? ज्या गोष्टीच्या भीतीने आम्ही आठ महिने घालवले, ती त्यांनी आमच्यासमोर लिहूनसुद्धा घेतली नाही. जठराचा कॅन्सर होता आणि तो जठरात थांबलेला नव्हता. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, ते आता सांगता येणार नाही. त्यांनी ते माझ्यावर दया म्हणून म्हटलं, हे मला कळलं, आणि त्या दयेचा मला रागच आला.

मी चांगली वागले नाही. शेवटच्या महिन्यात एकदा, मेधा कॅन्टीनमध्ये गेली असताना, मी त्याला म्हटलं, "आता तरी म्हण रंगा, की ते सगळं थोतांड होतं." त्याला बोलायचेही कष्ट होत होते. तो म्हणाला, "अण्णांसाठी रडलो ते थोतांड नव्हतं, ताई. त्यानंतरचं चुकलं. ते माझं चुकलं, त्या म्हातारीचं नाही." मला तेव्हा वाटलं, मरतानाही हा तिचीच बाजू घेतोय. मी उठून बाहेर गेले आणि मेधा येईपर्यंत आत आले नाही. ती वीस मिनिटं मला आता कुणी परत देणार नाही.

तेरावा झाल्यावर ईरा त्याचा फोन घेऊन माझ्याजवळ आली. बाबा ऐकायचे ते रेकॉर्डिंग तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याने ते तिला कधी दिलं नव्हतं, आणि संकोचापोटी तिनेही मागितलं नव्हतं. गाणी संपल्यानंतर शेवटच्या दिवसाचं बोलणंही त्यात राहून गेलं होतं. तिने ते मला ऐकवलं. म्हातारीचा घोगरा, सावकाश आवाज. मग त्या माणसाचं इंग्रजी, अजून बरंच बाहेर यायचं आहे, वगैरे. ईराने ते थांबवलं. "आत्या, शी नेव्हर सेड दॅट." मग माझ्यासाठी तिने एकेक शब्द जुळवत मराठीत सांगितलं, "ती आजी म्हणते, हे माझं काम नाही. हे हॉस्पिटलचं काम आहे. ह्याला लवकर ने."

आम्ही ते चार-पाच वेळा ऐकलं. त्यानंतर ईरा हमसून हमसून रडू लागली. दर आठवड्याला ती आत वर्गात तीच भाषा शिकत होती, आणि तिचा बाप बाहेर बाकावर बसून तेच वाक्य कानात घेऊन, न कळता, ऐकत होता.

मी त्या केंद्राला पत्र लिहिलं. कडक लिहिलं, रेकॉर्डिंगही जोडलं. दोन दिवसांत उत्तर आलं. त्यात श्रीरंगचा आत्मा स्वच्छ होऊन गेला आहे असं होतं, भाषांतराबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि शेवटी आमंत्रण होतं, आपल्या आतला शोक बाहेर काढायला आपणही जरूर यावं. मी ते वाचून लॅपटॉप मिटला. इतकं घाणेरडं वाटलं मला, की उठून हात धुतले.

ईराने मात्र वेगळं केलं. रंगाच्या फोनमध्ये म्हातारीच्या भाच्याचा नंबर होता. त्या भाच्याने कधीतरी दोघांचा फोटो पाठवला होता, ती फुलांचं पाणी रंगाच्या डोक्यावर ओतते आहे आणि हा डोळे मिटून लहान मुलासारखा बसला आहे. ईराने रंगाच्याच फोनवरून त्या नंबरावर फक्त, मी ह्यांची मुलगी, आजी कशा आहेत, एवढंच स्पॅनिशमध्ये लिहिलं. बाबा गेल्याचं तिच्याच्याने लिहवलं नाही. आठवड्याने आवाजी निरोप आला. मागे कोंबडे ओरडत होते. भाच्याने सांगितलं की मावशी बऱ्या आहेत, गुडघे दुखतात. मग त्याने फोन तिच्याकडे दिला. ती जरा खोकली आणि तिने एकच प्रश्न विचारला. ईराने तो मला आणि मेधाला जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितला. "तो पाण्याचं काम करणारा माणूस... तो गेला का दवाखान्यात?"

रंगाचा फोन आता त्याच्या अभ्यासाच्या खोलीत टेबलावर असतो. मेधा तो रोज सकाळी चार्जिंगला लावते. त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ह्यावर आम्ही तिघी पुष्कळ बोललो. अजून कुणी काही पाठवलेलं नाही.