आपोआप हलणारा माऊस

नोकरीत कितीतरी प्रकरणं हाताखालून गेली. बहुतेक विसरलो. भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचं प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, कुणी फरार नव्हतं. तरी ती फाइल बंद करताना जेवढा थकलो, तेवढा खुनाच्या तपासातही थकलो नसेन.

मी तेव्हा भिलाईत ठाणेदार होतो. एका दुपारी कारखान्याचा मालक तक्रार घेऊन आला. दुर्गचं जुनं मराठी घराणं, मशीनचे सुटे भाग बनवण्याचा धंदा. त्याचं म्हणणं, त्याच्या निविदेतले दर बाहेर फुटत होते आणि प्रत्येक काम दुसराच कुणी किंचित कमी दरात घेऊन जात होता.

"साहेब, ऑफिसातली पोरगीच करून राहिली हे. कॉम्प्युटरवर तीच तर बसते."

त्यानं तिला आधीच कामावरून काढलं होतं. कारण काय, ते साऱ्या हथखोजात पसरलं होतं. दुसरीकडे कुठेच तिला उभं करत नव्हते.

ती वडिलांना घेऊन ठाण्यात आली. वडील पोलाद प्लांटमधले कामगार, मूळचे भंडाऱ्याकडचे. महिला हवालदारासमोर मी तिचा जबाब घेतला. खोटं बोलणारा माणूस आधी उत्तर तयार ठेवतो. हिच्याकडे नुसता संताप होता.

"मी कावून करीन, साहेब? दर विकले असते तर लूनावर आली असती का इथं?"

"ऑफिसात कधी काही वेगळं दिसलं?"

"माऊस कधी कधी आपोआप हलते. मी हात बी लावत नाही, अन् फाइल उघडते. मालकाले सांगितलं, तर ते हसले. म्हणे, तुले भूत दिसते."

त्या एका वाक्यावर तपास फिरला. सायबर सेलच्या शिपायानं तो कॉम्प्युटर तपासला. बाहेर कुठेही बसून तो चालवता येईल असा प्रोग्राम त्यात होता, त्याचा पासवर्ड बसवल्यापासून बदललेला नव्हता. मी मालकाला विचारलं.

"ते दादानं बसवलं होतं. लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून."

"दादा आता भागीदार आहेत?"

"नाही. वेगळे झाले. बोलणं नाही आमचं."

"मग पासवर्ड का नाही बदलला?"

"सख्ख्या भावाले कुलूप कसं लावू, साहेब?"

त्या प्रोग्राममधून कोण शिरतं हे विचारायला इंटरनेट कंपनीला पत्र दिलं. उत्तर आलं, कनेक्शन दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या दादाच्या घराचं. दादाला बोलावलं. वयस्क, इस्त्रीचा शर्ट, आवाजात जराही भीती नाही.

"चोरी कशाची? तिथली वायर न् वायर मी ओढली. मला वाटणीत काढलं, पण तो दरवाजा बंद करायची कुणाला आठवण झाली नाही. मी रोज बघत होतो. एक दिवस वाटलं, याचं एक काम जाऊ दे. मग सवय लागली."

दर त्यानंच दुसऱ्या कारखानदाराला पुरवले होते. आयटी ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला, आरोपपत्रही गेलं. आणि मालक पुन्हा ठाण्यात आला, या वेळी आईला घेऊन, भावावरची केस मिटवायला. म्हातारी पदरानं डोळे पुसत बसली. पुढे कोर्टात दोघा भावांची तडजोड झाली. कायद्यात तशी सोय आहे.

तडजोडीची बोलणी चालू असतानाच मी मालकाला मुलीच्या क्वार्टरवर नेलं होतं. तो तिच्या वडिलांपुढे हात जोडून म्हणाला, "चूक झाली. उद्यापासून ये, पोरी."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. घरात पैशांची गरज होती, ते दिसतच होतं.

"नाही येत, काका," ती म्हणाली. "भावाचं नाव निघालं तर तुमी तडजोड करून राहिले. माझं नाव होतं तेव्हा तर मले विचारलं बी नाही."

मालक खाली मान घालून जिना उतरला. ती पुढे रायपूरला गेली, असं नंतर कळलं.

लोक मला विचारतात, त्या प्रकरणातून काय शिकलात. पासवर्ड बदलत जा, वेगळ्या झालेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा, हे तर सांगतोच. पण एवढ्या वर्षांत पाहिलं ते असं, की घरच्यावर संशय घेताना माणसाला लाज वाटते आणि पगारी माणसावर घेताना वाटत नाही. यावर कुठलं कलम लागत नाही.