डिस्क कोरी नाही, पण प्लेयरला दिसत नाही

डिस्क कोरी नाही, असं पवनीच्या व्हिडिओवाल्यांनी तासाभरापूर्वी फोनवर सांगितलं. तिच्यात करडी गावच्या दंडारीत, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, बाबांनी म्हटलेली शेवटची गाणी आहेत. बाबा आता नाहीत.

दुपारी कॉम्प्युटरवर एकामागून एक तीन डीव्हीडी प्लेयर सॉफ्टवेअर टाकून पाहिली. तिन्हींनीही डिस्क रिकामी दाखवली. मग कॉम्प्युटरनेच विचारलं, फॉरमॅट करू?

धाकटा भाऊ म्हणाला, "दाबू का?"

"हात लावू नोको," आई म्हणाली. "तुह्या बापानं असंच दाबूदाबू रेडिओ बिघडवला."

शूटिंगनंतर डिस्क कॅमेऱ्यातच पक्की (फायनलाइज) करायची असते, तरच ती दुसरीकडे दिसते; तेच राहून गेलं होतं. उद्या व्हिडिओवाले ज्यावर शूटिंग केलं तो जुना कॅमेरा आणणार आहेत. तो चालू होईल का, त्यांनाही ठाऊक नाही. कोणाची अशी डिस्क उघडली असेल तर सांगा. आई सारखी विचारते आहे, "कवा येऊन राहिले ते?"