येसरातली अळंबी

आमच्या घरात अळंबी कधी शिजली नव्हती. सासरी, करमाडच्या शेतात, ती पावसाळ्यात बांधावर उगवायची. पण सासूबाई तिला कुत्र्याची छत्री म्हणायच्या आणि पायानं उडवून लावायच्या. साठी ओलांडल्यावर मी शहरात, गारखेड्यातल्या घरात अळंबी वाढवायला घेतली, हे त्यांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

घरात आम्ही दोघंच होतो. मुलगी लग्न करून परदेशात गेलेली. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर लवकरच यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या. मग एकदा दूध आणायला गेलेले हे जालना रोडवर सापडले. रिक्षावाल्याला म्हणत होते, करमाडला सोड, म्हशी बांधायच्या राहिल्यात. म्हशी विकून कितीतरी वर्षं झाली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हा आजार मागं फिरत नाही, हेही सांगितलं.

यांच्या ऑफिसातले जुने सोबती आधी रविवारी यायचे. हे त्यांना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. ते बिचारे पुन्हा पुन्हा उत्तर द्यायचे, चहा संपवायचे आणि उठायचे. पुढं येणं थांबलं. शेजारणी फाटकातूनच विचारायच्या, "बरं आहे ना?" मी बरं आहे म्हणायची. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच व्हायचं.

एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिच्याकडं एक पांढरी अळंबी मिळते, सिंहाच्या आयाळीसारखी लोंबती. चीन-जपानकडं ती औषध म्हणूनही खातात, जेवणातही घालतात. "आई, आठवणीसाठी चांगली असते म्हणतात. बाबांना देऊन बघ ना." तिच्या आवाजात एवढी आशा होती, की मला नाही म्हणवलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मेंदूसाठी तिचा उपयोग होतो का, यावर अजून भरवशानं काही सांगता येत नाही. भाजी म्हणून द्या. प्रथिनं आहेत, तंतू आहेत, पचायला जड नाही. आधी थोडी देऊन बघा, अंगावर काही उठलं तर थांबवा. गोळ्या मात्र बंद करू नका."

शहागंजच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एका जुन्या पंसाऱ्याकडं गेले. त्यानं चष्मा वर करून मोबाइलमधला फोटो पाहिला. "सुकी गुच्छी मिलेगी, अम्मा. ये सफेदवाली हमारे पास नहीं आती." गुच्छी म्हणजे काश्मीरकडची सुकवलेली अळंबी, मला हवी ती नव्हे. मग मराठीत म्हणाला, "करमाडला एक बाई अळंबी लावते. तिला विचारून बघा." यांना शेजारणीपाशी बसवून मी दुसऱ्या दिवशी बसनं करमाडला गेले.

त्या बाईचा नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात होता. तिनं गोठ्याला ओली पोती लावून आत नेहमीची धिंगरी अळंबी लावली होती. मला हवी ती मात्र तिनं एका बंद खोलीत कूलर लावून नव्यानंच करून बघितली होती. प्लास्टिकच्या पिशवीत लाकडाचा भुसा, आणि भुशात बुरशीचं पांढरं जाळं. "मावशी, ही लई लाडाची असती," ती म्हणाली. "ऊन सोसत नाय. हवा कोरडी झाली की पिवळी पडती. थंडीचे दिवस हायेत तोवर घरी येईल तुम्हाला." तिनं पिशव्या बांधून दिल्या, कुठं चीर द्यायची ते दाखवलं, आणि बसपर्यंत सोडायलाही आली.

मुलीची खोली बंदच असायची. तिथं पडदे ओढले, भिंतीला ओली पोती टांगली आणि पिशव्या तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवल्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायचा. बरेच दिवस काहीच दिसेना. मग एका सकाळी चिरेतून फ्लॉवरच्या कळीएवढा गोळा बाहेर आला. पुढं त्याला बारीक काटे फुटले, आणि काटे लांबून मऊ दोऱ्यांसारखे खाली लोंबू लागले. त्या घरात त्या हिवाळ्यात वाढत होतं असं तेवढं एकच. मी फवारा मारून झाल्यावरही तिथं खुर्ची घेऊन बसायची.

पहिली अळंबी काढली तेव्हा करमाडच्या बाईनं सांगितल्याप्रमाणं हातानं फाडली. सुरीनं कापायची नाही. कोरड्या तव्यावर टाकली की ती आधी भरपूर पाणी सोडते; ते आटू द्यायचं, मगच तूप, ठेचलेला लसूण, मिरपूड. कडा सोनेरी झाल्या. चव थोडी गोडसर, आणि फाडलेला प्रत्येक तुकडा रेशा-रेशांचा. यांनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या वेळी मी येसर काढलं. आमच्याकडं धान्य, डाळी नि मसाले भाजून हे पीठ करून ठेवतात, लग्नाकार्यात त्याची आमटी होते. त्याच आमटीत परतलेली अळंबी सोडली आणि बाजरीची भाकरी केली. हे भाकरी कुस्करून जेवायला लागले. कितीतरी दिवसांनी मागून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"तुम्ही लई चांगलं करता, बाई."

आमच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"आमच्या घरी बी येसराची आमटी करतात," ते पुढं म्हणाले. "पण तिच्या हातचं जरा तिखट असतं."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"आमच्या मंडळींच्या. शाळेत हाय ती. यायचीच आता."

मी म्हणाले, "अहो, मीच ती. माझ्याकडं बघा ना."

ते बघत राहिले. मग उठून दारापर्यंत गेले, कडी काढायला लागले. "तिला बोलवा," म्हणत होते, "मला घरी जायचंय." त्यांना शांत करायला दुपार गेली. पुन्हा मी तसं कधी बोलले नाही.

त्यानंतर अळंबीची आमटी आठवड्यातून दोनदा तरी व्हायची आणि जेवताना ते त्यांच्या बायकोविषयी बोलायचे. ती पहाटे उठून दोन डबे करते. तिला पाय दुखतात पण सांगत नाही. एकदा म्हणाले, "मी तिच्याशी फार बोलत नाय. सवयच नाय मला. पण ती घरात नसली की करमत नाय."

"हे तिला सांगितलंय का?"

"नाय. तिला ठाऊक असंल की."

मला ठाऊक नव्हतं. मी खाली बघून भाकरी वाढली. समोर बसून माझं कौतुक माझ्याच नवऱ्याच्या तोंडून ऐकत होते आणि ते माझंच आहे असं म्हणायची सोय नव्हती. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही पुढं कधी वाटलं नाही.

जेवण झालं की ते सांगायचे, "थोडी ठेवा तिच्यासाठी. दमून येती." मी त्यांच्यासमोर वाटीत आमटी काढून झाकण ठेवायची. ते आत जाऊन आडवे झाले की स्वयंपाकघरात बसून तीच खायची.

मुलगी फोनवर विचारायची, "फरक पडला का गं?" आठवणीत काहीच फरक नव्हता, डॉक्टरांनी तपासून तसंच सांगितलं. मी म्हणायची, "पोटभर जेवतात आता. वजन वाढलंय." ते खरं होतं. बाकीचं मी तिला सांगितलं नाही. कसं सांगतात असलं?

उन्हाळा लागला तशा पिशव्या सुकल्या. पुढच्या पावसाळ्यात हे न्यूमोनियानं गेले. शेवटच्या दिवसांत ते फारसं बोलतच नव्हते. मुलगी आली, राहिली, चल म्हणाली. मी गेले नाही.

थंडी पडल्यावर करमाडच्या बाईचा फोन आला. "मावशी, नवीन माल निघालाय. बायका इचारतात ही शिजवायची कशी. तुम्ही येऊन सांगता का?" आता मी आठवड्यातून एकदा तिच्याकडं जाते. गोठ्याशेजारी चूल मांडून बायकांना करून दाखवते. मागच्या खेपेला शहरातून एक तरुण सून आली होती. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "आमच्या सासूबाई विसरतात. हिनं आठवण परत येते का हो?"

"नाही येत," मी म्हणाले. "पण जेवतील."

तिनं मान हलवली. पिशवी घेतली, पण गेली नाही. बाजेवर माझ्या शेजारी बसली आणि सासूबाईंचं सांगायला लागली. मी शेवटची बस सोडून दिली.